हवालदारबाईंची चौकशी

छापखान्यात ताईंना सगळे हवालदारबाई म्हणायचे. त्या काळी कॉम्प्युटरची अख्खी सिस्टीम एका फ्लॉपीत मावायची आणि तिच्यातली एकूण एक फाइल ताईंच्या ओळखीची. मेमरी तोकडी, म्हणून रोज सकाळी जे अनोळखी दिसेल ते त्या हाकलून द्यायच्या. आपलं मशीन कधी अडलं नाही, याचा त्यांना भारी तोरा होता.

निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या. घशाच्या ऑपरेशननंतर भावाचा आवाज कायमचा गेला होता. तो लॅपटॉपवर टाइप करायचा आणि लॅपटॉप बोलून दाखवायचा.

एका दुपारी भाऊ झोपलेला पाहून ताईंनी लॅपटॉपच्या आत डोकावलं. वर काहीच उघडलेलं नाही, तरी आत शेकडो कामं चालू! नावं वाचावीत तर एकाचाही अर्थ लागेल तर शपथ. मालक घोरतोय आणि ही एवढी मंडळी करताहेत तरी काय? ताईंना राहवेना. एकेक बंद करायचं आणि काय अडतं ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं. जुन्या सवयीने प्रत्येकाला पुन्हा सुरू व्हायची बंदीही घातली. एकापायी प्रिंटर रुसला. बाकीच्यांच्या जाण्याने काहीच बिघडलं नाही.

"फुकटे मेले," ताई पुटपुटल्या.

भाऊ उठला, टेबलाशी बसला, टाइप केलं. लॅपटॉप गप्प. पुन्हा केलं. गप्पच.

ताईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. बंद करून चालू करण्यातही अर्थ नव्हता, बंदी त्यांनीच घातलेली. यातलं बोलणारं कोणतं, हे कुठे ठाऊक होतं? त्या एकेकाला परत बोलवू लागल्या. दर वेळी भाऊ हात लांबवून काहीतरी टाइप करून बघायचा. शब्द आत गडप व्हायचे. ताईंना ते वाचायचा धीर होईना. त्या खिडकीकडे बघत नुसता कान देऊन बसायच्या.

शेवटी कुठल्याशा अगम्य नावाची पाळी आली आणि आत तुंबलेलं सगळं त्या एकसुरी आवाजात बाहेर पडलं.

"चहा दे. ताई, चहा. काय करून ठेवलंस? हवालदार कुठली! ताई. ताई, मला भीती वाटतेय."

ताईंना रडू फुटलं. उरलेल्या सगळ्यांना त्यांनी काही न विचारता परत घेतलं. तोवर चहा त्या दिवशी भावानेच केला.