पेटीला पत्रा कितीचा?

पत्र्याची कात्रणं भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते शेडमध्येच साचत राहतात! नांदेडला आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी आणि माझा मित्र रफिकभाई विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेट्या बनवतो. मी वायरिंग बघतो, तो पत्रा वाकवतो. गिऱ्हाईक कोणीही असो, पहिला वाद ठरलेला: पत्रा किती जाड घ्यायचा?

*

पहिली पेटी आमच्याच विहिरीवर बसवली. तेव्हा शिकत होतो, म्हणून वाकवायला सोपा असा पातळ पत्रा घेतला. वडिलांनी ऐटीत बटण दाबलं. पत्र्याचं दारच आत गेलं, बटण काही दबलं नाही! पुन्हा दाबलं. टण्ण!

वडील म्हणाले, "मोटार चालू होईना, पण पाखरं उडवायला झकास हाय!"

तरी त्यांनी आतून लाकडी ठोकळा ठोकला आणि तीच पेटी वापरली. वर दहा जणांना सांगितलं, "पोरानं बनवली."

*

जळकोटचे एक काका आले. मी म्हटलं, "अठरा गेज घ्या, मजबूत आहे."

काका भडकले. "अठरा? आम्हाला हलकं समजून राहिले का? बावीस द्या!"

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे त्यांना समजावलं. काकांनी पत्रा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "हे उलटं कुणी करून ठेवलं?"

रफिकभाई शांतपणे म्हणाला, "इंग्रजांनी. निजामाकडं असलं काही नव्हतं!"

*

एका रिटायर गुरुजींना सगळ्यात जाड पत्रा हवा होता. आम्ही "कशाला?" म्हणालो, पण ऐकेनात. शेवटी दोघांनी उचलून ती पेटी भिंतीवर बसवली. काही दिवसांनी फोन आला.

"पेटीला खरचटलंसुद्धा न्हाई!"

"मग काय झालं, गुरुजी?"

"भिंत पडली!"

आम्ही धावत गेलो. वाटलं, आता ओरडा बसणार. त्यांनी आधी आम्हाला जेवू घातलं, मग विचारलं, "भिंतीला कोणतं गेज चालंल?" पुढं गावातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवली.

*

आणि अर्धापूरच्या गयाबाई! केळीच्या बागेसाठी पेटी घ्यायला नवऱ्यासोबत आल्या होत्या. नवरा म्हणे, "हलकी द्या, उचलून मलाच न्यायची हाय."

गयाबाईंनी पातळ पत्र्यावर बोटानं टकटक केलं. "ह्याच्यासमोर रोज हेच उभे राहणार. जाडच द्या!"

जाड पत्र्याची पेटी गेली. उन्हाळ्यात एक दिवस लाइटचा दाब एकदम वाढला, स्टार्टर आतल्या आत फुटला. दार फुगलं, काळं पडलं, पण उघडलं नाही. समोर नवरा उभा होता. त्याला ओरखडासुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी दोघं केळीचा घड घेऊन शेडमध्ये हजर. गयाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पाया पडा रफिकभाईंच्या."

तो वाकला. रफिकभाई घाबरून मागं सरला. "अरे भाई, मी काय केलं? पत्रा मशीननं वाकवला!"

नवरा सरळ मशीनच्या पाया पडला! मग उठून बायकोकडं वळला. "जाड पत्रा तर तूच मागितला होता. तुझ्याबी पडू का?"

गयाबाईंनी पदर सावरला.

"इथं न्हाई. घरी चला!"