हाड बसवणाऱ्याचं मनगट

मला भोचक म्हणतात ते काही उगाच नाय. हाडांच्या दवाखान्यात मी विम्याचे कागद भरते. कुठलं हाड मोडलं, कुठलं ऑपरेशन, प्रत्येकाचा ठरलेला कोड असतो, तो टाकायचा. पण ते मोडलं कसं, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाय.

देवगाव रंगारीकडचे एक बाबा उजवं मनगट मोडून आले. मुलगा चितेगावच्या कंपनीत, त्याच्या विम्यात बापाचंही नाव. काल पडलो म्हणाले, म्हणून मी ताज्या फ्रॅक्चरचा कोड टाकून मोकळी झाले. विमा कंपनीकडून कागद परत आले. एक्स-रेत हाड वाकडं जुळत आलेलं दिसतंय, मग दुखापत कालची कशी? खरी तारीख आणि आधी कुणी उपचार केले ते कळवा, नायतर मंजुरी नाही. मी फायलीतला हाताचा फोटो काढून बघितला. हळदीचे डाग, बांबूच्या कांब्या बांधल्याचे वळ. हे आधी दिसू नये? स्वतःचाच लई राग आला.

तशीच वॉर्डात गेले आणि बाबांना चांगलं झापलं. खोटं बोललात तर ऑपरेशन राहील, हात कायमचा वाकडा होईल. कुणी बांधलं होतं हे?

"मीच, बाई. एका हातानं गाठ आवळत नाय."

मग सगळं निघालं. पडून तीन आठवडे झालेले. चाळीस वर्षं आसपासच्या गावांची हाडं तेच बसवत होते. हे गावात कळलं तर आपल्याकडे कोण येईल, एवढीच त्यांना धास्ती.

एक्स-रेशिवाय कळतं कसं, मी विचारलंच. त्यांनी डाव्या हातानं माझा हात चाचपला, एका जागी थांबले. लहानपणी मोडला होता का? मी गारच पडले, मोडला होता.

"डावा अडाणी हाय. उजव्यानं लगेच सांगितलं असतं."

मी तारीख खरी घातली, कोड बदलला. आधीचे उपचार कुणी केले, तिथं लिहिलं : स्वतः. मंजुरी आली, ऑपरेशन झालं.

दोन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा माझ्या टेबलाशी थांबले. उजव्या हातानं माझा हात धरून बराच वेळ चाचपत राहिले. बोटं जड पडत होती. शेवटी एका जागी थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"इथंच ना?"

खरी जागा चार बोटं वर होती.

"व्हय बाबा," मी म्हणाले, "तिथंच."