इब्राहिमभाईंनी न पाहिलेली शहरं

इब्राहिमभाई गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलाने, अन्वरने, कतारहून फोन करून दिली. मी तेव्हा देवरूखला मुलीकडे होतो. मिळाली ती एसटी धरून रत्नागिरीला, आमच्या राजिवड्यात पोचलो, तोवर दफन उरकून माणसं आपापल्या घरी गेली होती. अन्वर दुसऱ्या दिवशी आला. शेवटचा चेहरा आम्हा दोघांनाही दिसला नाही...

आमची मैत्री उतारवयातली. मी पोस्टातून निवृत्त झालेला, ते बोटीवरून. उभा जन्म मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून काढलेला हा उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी जग पाहिलंय याचं मला भारी अप्रूप. एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "बंदरां सगळी सारखीच, सुर्वे. क्रेन, गोदाम, भिंत. भिंतीपलीकडचा गाव बघायला वेळ कोण देतो?"

हेच उत्तर ते घरीही देत आले होते. सुट्टीवर आले की त्यांच्या पत्नी, आमिनाभाभी, हौसेने विचारायच्या, तिथे काय काय बघितलंत? सांगण्यासारखं काही नसायचं. मग ते कायमचे घरी आले आणि थोड्याच दिवसांत भाभींनी अंथरूण धरलं. अन्वरने पाठवलेल्या टॅबवर ज्ञानकोश वाचता येतो हे मी इब्राहिमभाईंना दाखवलं, आणि त्या दोघांच्या दुपारी बदलल्या. भाभी विचारायच्या, अन्वर झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात? ते आठवून त्या शहराची नोंद काढायचे आणि हळूहळू वाचून दाखवायचे. मोम्बासा, हॅम्बर्ग, अलेक्झांड्रिया... तिथले राजे, बाजार, लढाया. एका नोंदीतून दुसरीत शिरत कधी एखाद्या गवयापाशी पोचायचे, कधी कुठल्या विणकरांपाशी. हे सगळं नवरा बघून आलाय, असंच भाभी धरून चालायच्या. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन दीपगृहाचं वर्णन ऐकून त्यांनी विचारलं, तुम्ही बघितलंत? हे म्हणाले, हो, लांबून. ते दीपगृह भूकंपांत कोसळून शेकडो वर्षं झाली, हे पुढे लिहिलेलं होतं. तेवढं त्यांनी वाचलं नाही.

भाभी गेल्यानंतर हे त्यांनीच मला सांगितलं. "ती खूश झाली. पण खरं सांगायला माझ्याकडे कायच नव्हता..."

मग शहरांच्या नोंदी त्यांनी सोडल्या आणि माणसांच्या वाचू लागले. शास्त्रज्ञ, सेनापती, समाजसुधारक. मला वाटलं, मन रमतंय. पण ते शोधत होते भलतंच. प्रत्येक थोर माणसाच्या नोंदीत बायकोबद्दल काय लिहिलंय ते बघायचे. बहुतेक ठिकाणी लग्नापुरती एक ओळ. तो घराबाहेर असताना तिचे दिवस कसे गेले, हे कुठेच सापडलं नाही. एवढ्या मोठ्या कोशात नाही, म्हणाले, तर मी आता विचारू तरी कोणाला?

पुढे काचबिंदूने नजर गेली. मी संध्याकाळी पडवीत बसून पुन्हा शहरांच्या नोंदी वाचून दाखवू लागलो. ते ऐकायचे, पण मान हलायची थांबली होती. एकदा इस्तंबूलची नोंद अर्ध्यावर असताना त्यांनी हात वर केला. "बास कर, सुर्वे. जितका ऐकतो तितका कळतो, मी कुठेच गेलो नव्हतो." त्यानंतर मी जायचो, आम्ही चहा घ्यायचो. वाच असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही, मीही टॅबला हात लावला नाही.

कतारला बांधकामावर असलेला अन्वर आठवडाभर राहिला. निघायच्या आदल्या दिवशी, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुझं ते शहर कसं आहे रे? त्याने खरंच आठवून पाहिलं. म्हणाला, "कॅम्पवरून साइटवर, साइटवरून कॅम्पवर, काका. बसच्या काचा काळ्या हायत." त्याची बायको सावर्ड्याला माहेरी असते. तिलाही हेच सांगतोस का, हे मला विचारवलं नाही.

घराची किल्ली तो माझ्याकडे ठेवून गेला. परवा वारा खेळावा म्हणून खिडक्या उघडायला गेलो. खिडकीतून भाट्याची खाडी दिसते, पलीकडे खुला समुद्र. दुपारी बसून वाचायचे ती इब्राहिमभाईंची खुर्ची अजून त्या खिडकीकडे पाठ करून आहे. समोर भाभींची रिकामी खाट, दोन्हींच्या मध्ये गुडघे मावतील एवढीच जागा. मी खिडकी तशीच परत लावून घेतली.