कॅमेरा बहिरा, मग ऐकतंय कोण?

सरपंचबाईंनी मला ऑफिसात बोलूच दिलं नाही. वही पुढं सरकवली. त्यात लिहिलं होतं, ‘इथं बोललेलं बाहेर जातंय.’

आम्ही बाहेर लिंबाखाली येऊन बोललो. गाव कवठे येमाईच्या पलीकडचं, नाव सांगत नाही. शिरूरला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. या ग्रामपंचायतीतला कॅमेराही मीच बसवलेला. सरपंच मीराबाई बौद्ध वस्तीतल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. गावात चोरून दारू विकली जायची. तीन बायकांनी ऑफिसचं दार लावून त्यांच्याकडे तक्रार केली. त्याच संध्याकाळी दारूवाल्याची माणसं नेमकी त्या तिघींच्या दारात धमकी द्यायला हजर. तेव्हापासून एकही बाई ऑफिसची पायरी चढत नव्हती.

ग्रामसेवकांचा संशय शिपाई बबनमामांवर होता. त्यांना काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. “मामा नसतील, तर मग तुमचा कॅमेरा,” ग्रामसेवक मला म्हणाले.

मला राग आला, पण मी स्टूल मागवलं. कॅमेरा उतरवून बाहेर आणला आणि त्यांच्यासमोर खोलला. या मॉडेलला माईकच नसतो. जुनं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. चित्र होतं, आवाज नव्हता.

म्हणजे संशय पुन्हा मामांवर. ते दारात उभे होते. “एवढी वर्सं हाफिसची किल्ली माज्याकडं हाय, ताई,” ते म्हणाले, “आन् आता मी चोर व्हय?”

मी म्हटलं, “मामा, मला तासभर द्या.”

चोरून ऐकायची यंत्रं आता साधी झालीत. आत एक सिमकार्ड आणि बारीक माईक असतो. खोलीत कुणी बोललं, की यंत्र आपोआप मालकाला फोन लावतं. मालक घरी बसून ऐकतो. पण यातली स्वस्त यंत्रं जुन्या टूजी नेटवर्कवर चालतात, आणि तिथंच ती सापडतात. पूर्वी फोन वाजायच्या आधी शेजारचा रेडिओ किंवा स्पीकर टर्र-टर्र करायचा, आठवतं? तीच खूण.

सगळ्यांचे मोबाईल मी लांब गाडीत ठेवायला लावले, म्हणजे त्यांची टर्र-टर्र मधे यायला नको. गाडीतून कॉम्प्युटरचा एक जुना स्पीकर काढला, त्याला बॅटरी जोडली. ऑफिसात येऊन मीराबाईंना बोलायची खूण केली.

त्या शांतपणे म्हणाल्या, “उद्याच्याला मी सोता पोलिसात जाणार हाय.”

थोडा वेळ काहीच नाही. मग स्पीकर टर्र-टर्र करू लागला.

मी स्पीकर हातात धरून खोलीभर फिरले. कपाटाजवळ आवाज बारीक झाला. खिडकीपाशी जवळजवळ बंद. टेबलाखाली प्रिंटरची वायर लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड होता. तिथं स्पीकर नुसता बोंबलायला लागला.

बोर्ड मी खोलला नाही. पुरावा आपण हाताळला, की पुढं तो आपल्यावरच उलटतो. सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं आणि पोलिसांना बोलावलं. हवालदारांनी पंचांसमोर स्क्रू काढले. आत सिमकार्ड आणि माईक. वीज बोर्डातूनच मिळत होती, त्यामुळे बॅटरी संपायचा प्रश्न नव्हता. जुना बोर्ड जळाला म्हणून हा नवा दारूवाल्याच्या मेहुण्यानं फुकट बसवून दिला होता.

“कुठलं मशीन वापरलं, मॅडम?” हवालदारांनी विचारलं. मी स्पीकर दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि पंचनाम्यात लिहून घेतला. माझ्या कामाची एवढी पक्की पावती मला आजवर मिळाली नव्हती.

त्या सिमवरून लागलेले सगळे फोन दारूवाल्याच्याच नंबरवर गेलेले निघाले. दोघांवर गुन्हा दाखल झाला. तिन्ही बायकांनी ठाण्यात जाऊन जबाब दिले, मीराबाई त्यांच्यासोबत गेल्या. अड्डा बंद झाला. ग्रामसेवकांनी मामांची सगळ्यांसमोर माफी मागितली. माझी मागितली नाही, पण पुढच्या दोन कॅमेऱ्यांची ऑर्डर मलाच दिली.

तेव्हापासून कुठंही कामाला गेले, की मी आधी एकच विचारते, इथं फुकट बसवून दिलेलं काय काय आहे? स्पीकर नंतर काढते.