एकेचाळीस अंगठे

माझ्या आईला मळ्यावर सगळे 'वकिलीणबाई' म्हणत. शाळा चौथीपर्यंत, पण तिनं तोंड उघडलं की मुकादमाची बोलती बंद. शेतमजूर बायांची युनियन तिनं आमच्या स्वयंपाकघरात काढली तेव्हा सभासद अकरा होत्या आणि चहाचे कप सहा. बाबा म्हणायचे, "आधी कप वाढव, मग युनियन."

युनियनची पहिली मागणी एकच होती: औषध फवारलेल्या दिवशी टोमॅटो तोडायला आत पाठवू नका. माझी मावशी तिथं दोनदा चक्कर येऊन पडली होती. दुसऱ्यांदा पडली ती उठलीच नाही.

मागणीचा कागद तयार झाला, पण नाव द्यायला सगळ्याच घाबरत होत्या. मग आईनं शक्कल लढवली. कागदावर ताटली पालथी ठेवून गोल काढला आणि म्हणाली, "कडेकडेनं अंगठे उठवा. नाव नको, गाव नको. पहिली कोण, शेवटची कोण, कुणाच्या बापाला कळणार नाही." मळ्यावरच्या सगळ्या बायांचे मिळून एकेचाळीस अंगठे उठले. आईच्या अंगठ्याला लागून माझा होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दोन वर्षांपासून तोडणीला जात होते.

चूक कळली ती आई कागद घेऊन मॅनेजरच्या खोलीत गेली तेव्हा. त्यानं कागद वाचला, कपाटातून हजेरीचं पुस्तक काढलं आणि शेजारी ठेवलं. त्याच पुस्तकात आम्ही रोज सकाळी आपापल्या नावापुढे अंगठा लावत होतो.

"उद्या भिंग आणतो," तो म्हणाला. "जी जी सापडेल ती घरी."

आई परत आली ती उंबऱ्यावरच बसली. तिला घाबरलेली मी कधी पाहिलीच नव्हती. "एवढं साधं माझ्या टाळक्यात कसं आलं नाही गं?" ती सारखी म्हणत होती. एकेक बाई दारात येऊन रडून गेली. एकीनं तर अंगठा दगडावर घासून रक्तबंबाळ करून आणला होता.

सकाळी हजेरीच्या टेबलापाशी आम्ही सगळ्या उभ्या. मॅनेजरच्या हातात खरंच भिंग होतं. त्यानं कागद उघडला तशी आई पुढे झाली.

"कशाला डोळे फोडून घेताय साहेब? सगळे माझेच आहेत."

"एकेचाळीस अंगठे?"

"भारी हौस मला."

कुणी हसलं नाही. आई मागे वळली नाही, तरी ती वाट बघतेय असं मला वाटलं. एकच पाऊल टाकायचं होतं. मी तिच्या पोटची पोर, आणि मी जमिनीकडे बघत राहिले. बाकीच्याही तशाच राहिल्या.

मॅनेजरनं भिंग खाली ठेवलं. माल पिकून लाल झाला होता, तोडायला त्याला चाळीस बाया हव्याच होत्या. त्यानं हजेरीतून एकटीचं नाव खोडलं. पुढे एकवीस वर्षं तिनं युनियन चालवली, पण आसपासच्या एकाही मळ्यानं तिला पुन्हा कामावर घेतलं नाही.

त्या संध्याकाळी ती मला काय काय बोलेल या भीतीनं मी दारातच थांबले. ती जवळ आली, माझी बाही नाकाशी धरून हुंगली.

"आज फवारलं नाही वाटतं."

"नाही. आता सुट्टीच्या दिवशी फवारणार म्हणे."

"मग उद्या वेळेवर जा," ती म्हणाली.

आणि मी गेले.