बोटीसाठी निवडलेला वायरलेस

मोताळ्याच्या पुढे धरण झालं आणि आमचं गाव पाण्यापलीकडे राहिलं. ये-जा करायला सरकारने मोटरबोट दिली. ती चालवायला माझा मोठा भाऊ लागला. त्याने शाळा सोडून वखर धरला, म्हणून मी बुलढाण्याला बी.ए. झालो आणि धरणाच्या कचेरीत कारकून लागलो. घरातला मी पहिला पदवीधर. पदवीचा कागद भावाने हात धुऊनच हातात घेतला होता.

बोटीत वायरलेस बसवायचं ठरलं तेव्हा साहेबांनी दोन संच मागवले. एकाला स्वतःचे सेल होते. दुसरा बोटीच्या बॅटरीला जोडायचा. इंजिन, दिवा, भोंगा आणि तो, सगळे एकाच वायरीवर. साहेबांनी भावालाच विचारलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

"हा बरा," दुसऱ्यावर हात ठेवून भाऊ म्हणाला. "सेल सरले तं कोठी धुंडता? हा इंजिनासंग चरते."

"बोट हाय का बैलगाडी बे?" पहारेकरी हसला.

"तुले काय? तुले तं दोन्ही हाकता येत नाही."

खरं तर तो बोट बैलगाडीसारखीच वागवायचा. काठाला लागली, इंजिन बंद केलं, की लगेच बॅटरीची वायर काढून ठेवायची. गाडी उभी राहिली की बैल सोडतात, तसं. बॅटरी टिकते म्हणून साहेबही खूश होते.

त्या उन्हाळ्यात मायच्या छातीत कळ आली. भाऊ तिला बोटीत घालून निघाला. टेकडीआडून आवाज पोचत नसे. पाण्याच्या मध्यावर आल्यावरच बोलायचं, अशी रीत होती. मी अलीकडच्या काठावर कचेरीतल्या संचापाशी बसलो होतो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बुलढाण्याला निघालेल्या जीपवाल्याने विचारलं, "बोटीचा काही निरोप हाय का?"

संचातून नुसती खरखर येत होती. मी नाही म्हटलं. जीप गेली.

थोड्या वेळाने बोट लागली. भाऊ ओरडतच उतरला, "जीप कोठी हाय? दोनदा सांगतलं ना तुले!"

मग तो बोटीकडे वळला आणि तिथेच थबकला. एरवी तो इंजिन चालू ठेवून, घसा ताणून बोलायचा. त्या दिवशी मला नीट ऐकू यावं म्हणून त्याने इंजिन बंद केलं होतं. आणि इंजिन बंद होताच त्याचा हात सवयीने वायरीकडे गेला होता. तो मुक्या संचाशी बोलला, आणि उत्तराला न थांबता वायर लावून निघाला.

आम्ही मायला कुणाच्या तरी बैलगाडीत घातलं. मोताळा दिसायच्या आधीच ती गेली. भावाने गाडी थांबवली, खाली उतरला, पण बैल सोडले नाहीत. जुवावर हात ठेवून तो बराच वेळ उभा होता.

तेरावं झाल्यावर साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, आता स्वतःच्या सेलचा तो संच लावायचा का?

"लावा, साहेब," भाऊ म्हणाला. "मी वायर सोडली तरी तो बोलन, असा लावा."