चौथ्या मजल्यावरची रंगीत तालीम

घरात तिला डिंकी म्हणत. एकदा धरलं की सुटत नाही, म्हणून. लहानपणी एका मावशीने तिची बाहुली न विचारता शेजारच्या मुलीला देऊन टाकली, तर ही त्या मावशीच्या लग्नातसुद्धा तिच्याशी बोलली नाही. थोरली बहीण, ताई, हसून म्हणायची, "अगं, साप परवडला. एवढा डूख तोही धरत नाही."

ताईची फुप्फुसं ऐन तारुण्यातच निकामी होत गेली. शेवटी शेवटी घरातही नाकाला नळी लागायची. ऑक्सिजनचं मशीन पालिकेच्या आरोग्य खात्यानेच दिलेलं. खात्याचा माणूस अधूनमधून येऊन त्याची जाळी साफ करून जायचा. मग एका वर्षी नदी शहरात शिरली, वीज गेली आणि मशीन बंद पडलं. भावोजी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडत राहिले. खालून बोटी जात होत्या, पण जिथे जायला सांगितलं होतं तिथेच जात होत्या. ताई दुसऱ्या दिवशी गेली. बोट त्यानंतर आली.

चौकशीला आपत्ती विभागाचे प्रमुख होते. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "कोणाच्या घरात कोण आजारी आहे, याचं आम्हाला काय स्वप्न पडतं?"

भावोजींनी मान खाली घातली. डिंकीने वर छताकडे बघितलं. आरोग्य खातं त्याच इमारतीत होतं, साहेबांच्या बरोबर डोक्यावर. एक जिना चढून विचारायचं, एवढंच काम होतं.

डिंकी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ते सोडून तिने कमी पगारावर आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात नोकरी धरली. लोक म्हणाले, बहिणीच्या आठवणीसाठी करतेय बिचारी. तिने म्हणू दिलं. भावोजींना मात्र खरं सांगितलं.

"त्या माणसाला मी त्याच्याच शब्दांत बुडवणार."

"त्याने ती परत येणार आहे का?"

"नाही ना. म्हणूनच."

काम मात्र तिने चोख केलं. घरी ऑक्सिजन कोणाला लागतो, डायलिसिसला कोण जातं, कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचं इन्शुलिन फ्रीज बंद पडला तर वाया जाईल, ही माहिती शहरात विखुरलेली होती. थोडी सरकारी दवाखान्यांकडे, बरीचशी खासगी हॉस्पिटलांकडे. ती तिने जोडली आणि पाणी कुठवर चढतं त्या नकाशावर मांडली. त्याआधी दारोदार हिंडून प्रत्येकाची परवानगी घेतली. एका आजोबांनी दार अर्धंच उघडलं.

"आज तुम्ही विचारता. उद्या विमावाला विचारेल. परवा घरमालक म्हणेल, आजारी भाडेकरू नको."

आजोबांचं खोटं नव्हतं. मग तिने व्यवस्थाच तशी बसवली. पाणी धोक्याच्या खुणेला लागलं तरच माहिती उघडणार, आणि तीही पत्ता, मजला आणि काय मदत हवी एवढीच. आजाराचं नाव कोणालाच दिसणार नाही. आजोबांनी मग सही केली. "माणसं धडधाकट पाठवा हं," ते म्हणाले. "मी दिसतो तेवढा हलका नाही."

सगळं तयार होऊन पुराच्या आराखड्यासाठी साहेबांसमोर गेलं. त्यांनी वरवर चाळलं.

"हे खासगी हॉस्पिटलांचं काढून टाका. त्यांच्या परवानग्यांचं झेंगट कोण निस्तरणार? आराखडा कसा सुटसुटीत दिसला पाहिजे."

परवानग्या घेऊन झाल्यात, आणि हे काढलं तर निम्म्याहून जास्त माणसं गळतील, हे डिंकीच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब."

आराखडा छापून आला, वर साहेबांचं नाव ठसठशीत. त्या दिवशी डिंकीने डबा सगळ्यांबरोबर बसून खाल्ला. एरवी ती एकटी खायची.

पुराचे दिवस जवळ आले तशी आयुक्तबाईंनी रंगीत तालीम ठरवली. बैठकीत डिंकी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "एक रुग्ण साहेबांनीच व्हावं. कुठल्या घरात आहेत ते पथकांना सांगायचं नाही. आराखडाच त्यांना शोधून काढेल. पेपरात फोटोही छान येईल." साहेबांना फोटोचं भारी वेड. त्यांनी लगेच मान हलवली. घर कोणतं, ते ठरवायचं काम डिंकीकडेच आलं.

तिने भावोजींचं घर निवडलं. भावोजींच्या आईलाही आता तसंच मशीन लागत होतं. उपचार खासगी हॉस्पिटलात, म्हणजे साहेबांच्या आराखड्यात त्या नव्हत्याच.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून ताईच्या पलंगावर आडवे झाले. नाकात खोटी नळी, पंखा बंद, फोन बंद. आई शेजारच्या खोलीत आपलं खरं मशीन लावून बसल्या होत्या. फोटोवाला फोटो काढून गेला. सुरुवातीला साहेब विनोद करत होते. मग शर्ट पाठीला चिकटला. खालून त्यांच्याच विभागाच्या गाड्या भोंगे वाजवत गेल्या, तसे ते उठून खिडकीकडे निघाले.

"झोपा," डिंकी म्हणाली. "रुग्णाला उठता येत नाही."

"बाथरूमला जायचंय मला."

"ताईलाही जायचं होतं. भावोजींनी उचलून नेलं. भावोजी, साहेबांना उचला."

भावोजी काडीपैलवान. पण ते पुढे झाले, साहेबांच्या बगलेत हात घातला आणि अवघडलेल्या त्या माणसाला धरून धरून नेऊन आणलं.

डिंकीजवळ एक छोटा रेडिओ होता. त्यावर नियंत्रण कक्षातलं बोलणं ऐकू येत होतं. दुपार कलल्यावर त्यावरून आवाज आला, "आराखड्यातले सर्व रुग्ण सुरक्षित. तालीम यशस्वी." टाळ्या वाजल्या.

साहेब ताडकन उठून बसले. "अरे, पण मी इथे आहे ना."

"तिकडे ऐकू जात नाही, साहेब. हा नुसता ऐकायचा आहे."

टाळ्या थांबल्यावर आयुक्तबाईंनी विचारलं, "आणि साहेब कुठे आहेत?" साहेबांच्याच हाताखालचा एक जण म्हणाला, "ते कोणाच्या घरात आहेत, आम्हाला कसं कळणार, मॅडम?"

"त्यांनाही स्वप्न पडलं नाही," डिंकी म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे. चौकशीला समोर बसलेली माणसं त्यांना आत्ता आठवली. "तुम्ही हे मुद्दाम केलंत," ते म्हणाले.

"हो."

साहेबांची बदली उद्यान विभागात झाली. गाळलेली सगळी माणसं आराखड्यात परत आली. डिंकीला वाटलं होतं, भावोजींना निदान बरं वाटेल. ती गेली तेव्हा ते आईच्या मशीनची जाळी धूत होते.

"आई आराखड्यात नाही, हे तुला केव्हापासून माहीत होतं?"

"साहेबांनी आराखडा कापला तेव्हापासून."

"मग मधल्या दिवसांत पाणी आलं असतं तर?"

भावोजींनी जाळी झटकली, बसवली आणि पाठ फिरवली.

पूर आला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. या वेळी बोटी चौथ्या मजल्यांकडे वळल्या. आईंना पथकातल्या दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं, आणि वाटभर त्या त्यांना नीट धरायला शिकवत होत्या. साहेब कुठल्याशा बागेच्या भिंतीला वाळूची पोती लावत चिखलात उभे होते. डिंकीने गाडी थांबवली, काच खाली केली आणि मनसोक्त बघून घेतलं. तिला बरं वाटलं. ते तिने पुढेही कोणापासून लपवलं नाही.

भावोजींकडे ती अजून जाते. ते दार उघडतात, "आई आत आहे" म्हणतात आणि स्वयंपाकघरात निघून जातात. त्या प्रश्नाचं उत्तर तिने अजून दिलेलं नाही, आणि त्यांनीही तो पुन्हा विचारलेला नाही.